रशिया युरोपीय केव्हा ठरतो? : परळ-भोईवाडा परिसराच्या इतिहासातून एक विचार

१. प्रश्नाची मांडणी

मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सागरी युद्धात जपानने रशियाच्या आरमाराचा पराभव केला, तेव्हा एका आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेला नमविले अशीच या घटनेची नोंद मराठी सुशिक्षितांनी मनोमन घेतली. पुढे तेराच वर्षांनी, २९ जानेवारी १९१८ रोजी, 'केसरी'ने 'रशियाचा पुढारी लेनिन' हा लेख प्रसिद्ध केला. या लेखातील रशिया साम्राज्यांच्या पंक्तीत बसणारा राहिला नव्हता. दडपल्या गेलेल्या लोकांनी ज्याच्याकडे कुतूहलाने आणि आशेने पाहावे, असा तो देश झाला होता. या तेरा वर्षांत उरल पर्वत जागचा हलला नव्हता. हलली होती ती पाहणाऱ्याची दृष्टी.

रशिया ऐतिहासिक व राजकीय दृष्ट्या युरोपचा भाग आहे काय, हा प्रश्न सामान्यतः मॉस्को, पॅरिस किंवा बर्लिन येथून विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो मुंबईतील परळ-भोईवाडा परिसरातून विचारला आहे. या निवडीस कारण आहे. भोईवाड्यालगत हाफकिन संस्था, दामोदर हॉल आणि गिरणी कामगार चळवळीचे केंद्र ठरलेली परळची दळवी बिल्डिंग ही तिन्ही ठिकाणे पायी अंतरावर आहेत, आणि या तिन्हींच्या इतिहासाचा रशियाविषयीच्या प्रश्नाशी संबंध पोहोचतो. परळने 'युरोप' ही सत्ता म्हणून अनुभवली, खंड म्हणून नव्हे. त्यामुळे येथून पाहिले असता जे दिसते ते युरोपातील अभ्यासकाला सहज दिसणारे नाही; आणि येथून जे दिसले नाही, तेही तितकेच बोधप्रद आहे.

२. नकाशावरील रेषा आणि रशियन मन

युरोप व आशिया यांमधील सीमा निसर्गाने आखलेली नाही. प्राचीन ग्रीक भूगोलवेत्ते ती डॉन नदीवर मानीत. ती उरल पर्वतापर्यंत सरकली ती अठराव्या शतकात, आणि ती सरकविण्यात व्ही. एन. तातीश्चेव या रशियन प्रशासक-इतिहासकाराचा मोठा वाटा होता. पीटर द ग्रेटने १७०३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग वसविले आणि १७२१ मध्ये सम्राटपद धारण केले. युरोपातील इतर साम्राज्यांप्रमाणे रशियालाही 'स्वदेश' आणि 'वसाहत' यांमध्ये एक रेषा हवी होती. ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यासाठी ती समुद्राने आखली होती; रशियाने ती डोंगरावर आखून घेतली. कॅथरिनने १७६७ च्या आपल्या प्रसिद्ध निर्देशग्रंथात रशिया ही युरोपीय सत्ता असल्याचे स्पष्टपणे नमूद केले. जी गोष्ट स्वयंसिद्ध असते ती राजाज्ञेने जाहीर करावी लागत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

ही सगळी चर्चा सुरू होण्यापूर्वीचा रशियन माणूस महाराष्ट्राने पाहिलेला आहे. त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वास्को द गामाच्या सुमारे तीस वर्षे आधी, चौल बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बहामनी राजधानी बीदरला गेला. चौलमध्ये लोक गोऱ्या माणसाकडे नवलाने पाहत मागे येत, असे तो नोंदवितो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलण्याचा आग्रह धरला, हाही प्रसंग त्याच्या वृत्तांतात आहे. त्याची ओळख होती ती ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि त्वेरचा रहिवासी अशी. आपण युरोपीय आहोत ही जाणीव तिच्यात नव्हती. त्याच्या रशियन मजकुरात तुर्की, फारसी व अरबी शब्द सहज मिसळलेले आढळतात. व्होल्गा, कास्पियन आणि इराण हा त्याचा मार्ग म्हणजेच त्याच्या जगाचा नकाशा होता.

एकोणिसाव्या शतकात मात्र हा प्रश्न रशियन विचारवंतांच्या जिव्हारी लागला. प्योत्र चादायेव यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात रशियाने मानवी संस्कृतीत काहीच भर घातली नाही असा कठोर निष्कर्ष काढला. सरकारने त्यांना वेडे ठरविले. त्यानंतर पाश्चात्त्यवादी आणि स्लाव्हवादी असे दोन पक्ष पडले. निकोलाय दानिलेव्स्की यांनी १८६९ च्या 'रशिया आणि युरोप' या ग्रंथात या दोन स्वतंत्र संस्कृती असल्याचा सिद्धांत मांडला. या सर्व वादात अधिक मर्मभेदक विधान दोस्तोयेव्स्की यांचे आहे. जानेवारी १८८१ मध्ये रशियन सैन्याने तुर्कमेनांचा ग्योक-तेपे हा किल्ला घेतला, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या लेखाचा आशय असा : युरोपात आपल्याला आश्रिताची वागणूक मिळते, आशियात मात्र आपण मालक म्हणून आणि युरोपीय म्हणून जाऊ. रशिया युरोपीय केव्हा ठरतो, या प्रश्नाचे एक उत्तर येथे एका रशियन लेखकानेच दिले आहे. तो आशियात शिरतो तेव्हा.

३. वसाहतीतील 'युरोपियन' आणि हाफकिन

ब्रिटिश मुंबईत 'युरोपियन' हा शब्द भूगोलाचा नव्हता. तो दर्जाचा होता. फौजदारी कायद्यात युरोपीय आरोपीला ज्यूरीबाबत वेगळे हक्क होते. १९०८ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. सातांनी टिळकांना दोषी ठरविले, दोघांनी निर्दोष. मराठी भाषेत 'युरोपियन' या शब्दाला जो अर्थ चिकटला, तो अशा प्रसंगांतून.

या व्यवस्थेत रशियातून आलेल्या माणसाचे स्थान काय होते? वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे, रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. त्याच शहरात त्यांनी मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. ज्यू असल्यामुळे झारशाहीतील विद्यापीठीय पदांचा मार्ग त्यांना बंद होता. जिनिव्हा व पॅरिसमार्गे ते १८९३ मध्ये भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपल्या लसीचा प्रयोग प्रथम स्वतःवर केला. १८९९ मध्ये परळ येथील गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानात त्यांची प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले.

झारच्या रशियाने हाफकिन यांना ज्यू म्हणून दूर ठेवले. ब्रिटिश भारतातील नोकरशाहीत ते रशियाचे हेर असावेत असा संशय घोंगावत राहिला. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर टाकण्यात आला. त्यांना निलंबित केले गेले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते गोरे होते, पाश्चर संस्थेत घडलेले वैज्ञानिक होते, ब्रिटिश नागरिकत्वही त्यांनी घेतले होते. तरीही सत्तेच्या दृष्टीने ते पुरते 'युरोपियन' नव्हते. युरोपीयत्व हे जन्माने मिळत नाही, सत्ताधारी वर्ग ते देतो आणि काढूनही घेतो, हे परळमधील या एका चरित्रावरून स्पष्ट होते. आज त्यात आणखी एक पदर आहे. आपण ज्यांना सवयीने 'रशियन शास्त्रज्ञ' म्हणतो त्या हाफकिन यांचे ओडेसा आज स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे.

४. लेनिन, टिळक आणि लाल बावटा

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्या वेळी जिनिव्हात असलेल्या लेनिन यांनी काही दिवसांतच जागतिक राजकारणावरील एका लेखात या संपाची दखल घेतली. भारतीय कामगार जाणीवपूर्वक राजकीय लढ्यापर्यंत पोहोचला आहे आणि युरोपातील कामगाराला आता आशियात साथी मिळाले आहेत, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. परळ-लालबागच्या गिरण्यांतील माणूस जगाच्या राजकारणात प्रथमच कर्ता म्हणून नोंदला गेला, आणि ती नोंद एका रशियनाने केली.

लेनिन यांच्या लिखाणात रशियाचे स्थान दोलायमान आहे. १९१२ मध्ये चीनविषयी लिहिताना रशिया अनेक बाबतींत आशियाई देश असल्याचे त्यांनी म्हटले. १९१३ मध्ये त्यांनी 'मागासलेला युरोप आणि प्रगत आशिया' या शीर्षकाचा लेख लिहिला. 'आशियाई' हा शब्द त्यांच्याकडे कधी मागासलेपणाचा तर कधी जागृतीचा निदर्शक आहे. परंतु क्रांतीनंतर रशिया, भारत आणि चीन यांची लोकसंख्या एकत्र मोजून जगाच्या भवितव्याचे गणित मांडणारा नेता वसाहतीतील वाचकाला आपला वाटला, यात नवल नाही. कॉ. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये 'गांधी विरुद्ध लेनिन' ही पुस्तिका लिहिली, तेव्हा तुलनेचे दोन्ही टोक साम्राज्यविरोधी होते. लेनिन युरोपीय की आशियाई, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार उतरले. त्याच काळात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, स्थापन झाली. संपकऱ्यांसाठी सोव्हिएत कामगार संघटनांकडून आर्थिक मदत आली आणि सरकारने तिचाच बाऊ केला. २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या आरोपाखाली जी धरपकड झाली, तीत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, अधिकारी यांच्याबरोबर अर्जुन आळवे आणि कासले हे प्रत्यक्ष गिरणी कामगारही होते. मँचेस्टरच्या हितासाठी चालणारे राज्य एकीकडे, मॉस्कोच्या कामगारांची मदत दुसरीकडे. अशा स्थितीत गिरणगावाने रशियाला 'युरोप'च्या बाहेर ठेवले, हा त्याचा भाबडेपणा नव्हता. अनुभवातून निघालेला तो निष्कर्ष होता. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्तालिनग्राडचा पवाडा रचला आणि १९६१ मध्ये प्रत्यक्ष रशिया पाहून 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. पवाड्यासारख्या देशी वीरकाव्यात व्होल्गाकाठचे शहर सामावले गेले, ही मराठी सांस्कृतिक इतिहासातील असामान्य घटना आहे. पवई येथील आय. आय. टी. १९५८ मध्ये सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली, हेही या मैत्रीचे ठोस फळ होय.

५. कापसाचा धागा : जे परळमधून दिसले नाही

आता या दृष्टीची मर्यादा पाहू. ती परळच्याच व्यवसायातून, म्हणजे कापसातून, अधिक नीट उलगडते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) जगाचा कापूसपुरवठा खंडित झाला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये तो ओसरला. वऱ्हाड-खानदेशातील शेतकरी मँचेस्टरच्या बाजाराला जोडला गेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली. याच टंचाईने मॉस्को व इव्हानोवो येथील गिरणीमालकांनाही हवालदिल केले. १८६५ मध्ये रशियाने ताश्कंद घेतले, १८६८ मध्ये समरकंद, १८७३ मध्ये खिवा शरण आले आणि १८७६ मध्ये कोकंद खालसा झाले. कापूस हेच या विजयांचे एकमेव कारण होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. सेनाधिकाऱ्यांची महत्त्वाकांक्षा आणि ब्रिटनशी स्पर्धा हीही कारणे होती. परंतु विजयानंतर जे घडले त्याविषयी शंका नाही. १८८० च्या दशकात तुर्कस्तानात अमेरिकन वाणाचे बियाणे पसरविण्यात आले, १८८८ मध्ये रेल्वे समरकंदला पोहोचली आणि फरगाना खोऱ्यातील शेतकरी धान्याऐवजी रशियन गिरण्यांसाठी कापूस पिकवू लागला. १९१६ मध्ये युद्धकामासाठी सक्तीने माणसे नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मध्य आशियात मोठा उठाव झाला आणि तो रक्तपाताने चिरडला गेला.

तेव्हा तुलना कोणाची कोणाशी करायची? परळचा कामगार आणि इव्हानोवोचा कामगार यांची तुलना योग्य आहे. १९०५ मध्ये इव्हानोवोच्या गिरणी कामगारांनीच आरंभीची सोव्हिएत उभारली. पण फरगानाच्या शेतकऱ्याचा जोडीदार इव्हानोवोत नाही. तो यवतमाळ-अमरावतीच्या काळ्या जमिनीवर आहे. कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर रशिया आपल्या बाजूचा दिसतो; कापूस पिकविणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर तोच रशिया मँचेस्टरच्या जागी उभा असतो. गिरणगावाने पहिली तुलना मनापासून केली, दुसरी केली नाही.

क्रांतीने हे नाते संपविले काय? अंशतः. सोव्हिएत राजवटीने मध्य आशियात साक्षरता, स्त्रीशिक्षण आणि आरोग्यसेवा यांचा जो प्रसार केला, त्याला ब्रिटिश भारतात तोड नाही. हे मान्य न करणे अन्यायाचे होईल. पण कापसाचे एकपीक राहिले, उलट वाढले. अमू आणि सीर या नद्यांचे पाणी कापसाकडे वळविल्याने १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. १९३० च्या दशकाच्या आरंभीचे युक्रेन व कझाकस्तानातील दुष्काळ, १९४४ मधील क्रिमियन तातार व चेचेन लोकांचे सामूहिक निर्वासन यांना गिरणगावातील सोव्हिएत प्रतिमेत फारसे स्थान मिळाले नाही.

या अदृश्यतेचे स्वरूप समजून घेण्यासाठी परळबाहेर जाण्याचे कारण नाही. १९२८ च्या संपाच्या काळात, जवळच्याच बी. आय. टी. चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक अडचणीचा प्रश्न उपस्थित केला होता : अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश का नाही? दामोदर हॉलमधून चालणाऱ्या त्यांच्या कार्याचा हा भाग होता. मालकाविरुद्धची एकी खरी होती; पण त्या एकीच्या आत एक उतरंड होती आणि एकीच्या घोषणेने ती झाकली जात होती. साम्राज्यशाहीविरुद्धचा रशियाही असाच खरा होता, आणि त्याच्या आतही एक साम्राज्य होते.

६. १९९१ नंतर

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला. लाल बावट्याचे दोन्ही आधार एका दशकात निखळले. मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी जुलै १९८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे युरोपच्या सामायिक घराची कल्पना मांडली होती. त्या घरात रशियाचा प्रवेश झालाही : २८ फेब्रुवारी १९९६ रोजी तो युरोप परिषदेचा सदस्य झाला. पण २०१४ मध्ये क्रिमिया जोडून घेतल्यावर जी-८ गटातून त्याला वगळण्यात आले, आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर चढाई केल्यानंतर १६ मार्च २०२२ रोजी युरोप परिषदेतील त्याचे सदस्यत्व संपुष्टात आले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील दोन तारखा शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊ साठे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. १६ सप्टेंबर २०२२ रोजी युरोपीय मानवी हक्क कराराशी असलेला रशियाचा संबंध संपला. युरोपने दार लावले त्याच आठवड्यात परळच्या जुन्या मैत्रीचा मॉस्कोत सन्मान झाला. या योगायोगाचा अर्थ घाईने लावू नये. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या चढाईचा निषेध करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला, ५ देशांनी विरोध केला आणि ३५ तटस्थ राहिले. तटस्थांत भारत होता. यामागे संरक्षणसामग्री आणि मुत्सद्देगिरी यांची कारणे आहेत. पण आपल्या सार्वजनिक चर्चेत 'हा युरोपियनांचा आपसांतील झगडा' किंवा 'रशिया पश्चिमेच्या विरोधात म्हणून आपला' असे जे सूर उमटले, त्यांत जुन्या स्मृतीचा अंश निश्चित आहे. या दोन्ही सुरांत युक्रेनियन माणूस हरवतो. ज्या राष्ट्राचे वेगळेपण शेजारच्या साम्राज्याने नाकारले, त्याची व्यथा वसाहतीचा अनुभव घेतलेल्या समाजाला सर्वांत आधी कळायला हवी होती.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, रशिया युरोपात आहे की नाही या प्रश्नाला एकच कायम उत्तर नाही. मात्र उत्तर बदलण्यामागील नियम दाखविता येतो. पश्चिमेकडे तोंड केलेला रशिया युरोपला परका वाटत आला आहे. दक्षिणेकडे व पूर्वेकडे राज्य करणारा रशिया मात्र लंडन आणि पॅरिस यांच्याच वळणाने वागला आहे. परळने 'युरोप' म्हणजे सत्ता हे बरोबर ओळखले. तेच माप रशियाला ताश्कंद आणि कीव्ह येथे लावणे मात्र राहून गेले.

हे काम आता इतिहासाच्या अध्यापकांचे आहे. आपल्याकडे रशियन क्रांती प्रायः 'आधुनिक युरोप' वा 'आधुनिक जग' या अभ्यासपत्रिकेत शिकविली जाते. पीटर, क्रिमियन युद्ध, १९०५, १९१७ असा तिचा क्रम असतो. ताश्कंद, फरगाना आणि १९१६ चा उठाव युरोपच्या पत्रिकेत येत नाहीत, आशियाच्या पत्रिकेतही येत नाहीत. उरलची रेषा अभ्यासक्रमातच ओढली गेल्याने साम्राज्याचा निम्मा देह विद्यार्थ्याला दिसतच नाही. विदर्भातील कापसाचा इतिहास शिकविताना फरगानाचे एक प्रकरण शेजारी ठेवणे कठीण नाही. तसे केल्यास रशियाचे खंड कोणते, हा वाद मागे पडेल आणि कोणाच्या शेतावर कोणाची गिरणी चालली, हा अधिक फलदायी प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतील.